सकाळी पिकअप अडते तेव्हा आधी धूर बघा



आजचा मेसेज भुरीचा नाही, गाडीचा आहे. मी पिकाचा माणूस, मेकॅनिक नाही. पण निफाड पट्ट्यात पारा एक आकड्यावर आला की ग्रुपवर औषधाच्या प्रश्नांइतकेच "गाडी चालू होईना, कोणी येता का" असे मेसेज पडतात. माल भरलेला, लिलावाची वेळ होत आलेली आणि चार जण गाडीला धक्का मारताहेत. कोबी-फ्लॉवरचा भाव आधीच किती मिळतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यात उशिरा पोचलं की उरलंसुरलं जातं.

माझं स्पष्ट मत आहे की आपण गाडीवर अंदाजाने खर्च करतो. पान पिवळं दिसलं की न बघता युरिया टाकणाऱ्याला मी रागावतो, आणि गाडीच्या बाबतीत मीच तेच केलं. मागच्या हिवाळ्यात आपल्या संकलन केंद्राची पिकअप सकाळी खूप वेळ स्टार्टर मारल्यावर चालू व्हायची, मग दोन मिनिटं थरथरायची, पांढरा धूर सोडायची आणि नंतर एकदम नीट. मी नवी बॅटरी टाकली. फरक शून्य. मग एका गॅरेजवाल्याने नोझल उतरवायला सांगितले. ते काम करायच्या आधी एका जुन्या ड्रायव्हरने हीटर प्लग तपासायला लावले. चारपैकी दोन मेलेले निघाले. बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच.

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. थंडीत लोखंड गार असल्यामुळे ती उष्णता शोषली जाते, म्हणून सुरुवातीला हीटर प्लग मदत करतात. दोन सिलिंडर पेटले आणि दोन नाही, तर गाडी थरथरणारच. न पेटलेलं डिझेल पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर होऊन बाहेर पडतं. इंजिन तापलं की तेही पेटायला लागतात आणि दुखणं गायब होतं.

म्हणून स्टार्टर मारताना एकाला सायलेन्सरजवळ उभं करा. पांढरा धूर आणि डिझेलचा वास म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही. अशा वेळी हीटर प्लग, त्याचा फ्यूज किंवा रिले बघा. धूर अजिबातच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. काळा असेल तर आधी एअर फिल्टर झटका, आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर राहत असेल, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर ती गाडी मार्केटला नेऊ नका, हेड गॅस्केटचा संशय घ्या.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: गाडी थंडीने अडते की उभी राहिल्याने? दुपारी उन्हात सात-आठ तास उभी ठेवून चालू करून बघा. तेव्हाही अडली तर दोष थंडीचा नाही. बहुतेक वेळा कुठेतरी लाइन हवा घेते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं. फिल्टरवर हातपंप असेल तर सकाळी स्टार्टर मारायच्या आधी तो दाबा. सुरुवातीला मऊ लागला, बऱ्याच वेळा दाबल्यावर कडक झाला आणि गाडी पटकन चालू झाली, तर पाइप, क्लिप आणि फिल्टरचं सील बघा. फिल्टरखाली पाणी साठतं, तेही सोडा.

इंजिन हळू फिरत असेल तरच बॅटरीकडे वळा. मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. स्टार्टर मारताना 9.5 च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि बॉडीला जाणारी अर्थची वायर आधी साफ करा. निम्म्या वेळा तिथेच काम होतं, असा माझा तरी अनुभव आहे.

हीटर प्लगही मीटरने कळतो. वरची वायर-पट्टी काढून प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यात ओहम मोजा. चांगला प्लग साधारण एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा लागतो म्हणजे प्लग तापतात असं नाही, आमची फसगत इथेच झाली. प्लगला थेट बॅटरीची वायर लावू नका, नव्या गाड्यांतले काही प्लग कमी व्होल्टचे असतात, जळून जातात. प्लग काढायचाच तर इंजिन गरम असताना अनुभवी माणसाकडून काढा. गार इंजिनात तुटला तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते.

दोन गोष्टींवर मी भांडायला तयार आहे. एक, हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे किंवा हीटर प्लगच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारणे. आतल्या आत स्फोट होऊन इंजिन जातं, हातही जातो. दुसरं, कॉमन रेल गाडीचा नोझलकडचा पाइप सैल करून हवा काढणे. आपला एचटीपी पंप 30-40 किलोवर चालतो, इथे दाब हजार बारच्या पुढे जातो. ती धार कातडीत घुसते.

गॅरेजवाल्यांनाच दोष देऊन चालणार नाही. आपण दुपारी तापलेली गाडी नेतो आणि म्हणतो, सकाळी चालू होत नाही. तो काय बघणार? गाडी रात्री तिथे ठेवा, नाहीतर सकाळचा धुराचा आणि आवाजाचा व्हिडिओ काढून न्या. आणि रोजचं एक: ड्रायव्हर दादांना सांगा, चावी फिरवल्यावर कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. बरेच जण थांबतच नाहीत.

केंद्रावर आता एक मीटर ठेवला आहे, ज्याला हवा त्याने संध्याकाळी वहीत नाव लिहून न्यावा आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा. ट्रॅक्टरवाल्यांनो, तुमच्यापैकी बऱ्याच ट्रॅक्टरना हीटर प्लग नसतोच, त्यामुळे बॅटरी आणि हवा घेणारी लाइन एवढंच आधी बघा.