द्रावक नसले तरी चरसच



‘द्रावकाविना काढलेला गांजाचा अर्क नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हे या सदरातील एका पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. ब्यूटेनसारखे द्रावक वापरले नाही तर त्याचा अंश मागे राहत नाही, एवढेच खरे. द्रावकाविना पद्धत अशी: बर्फाच्या पाण्यात फुले ढवळून राळ गाळायची, वाळवायची, मग दोन तापलेल्या पट्ट्यांत दाबून तेल काढायचे. यात नशा आणणारे टीएचसी एकवटतेच. फुलांत ते साधारण १५ ते २० टक्के असते, अशा अर्कात ६० टक्क्यांच्याही पुढे जाते. फवारलेली कीटकनाशकेही त्यात उतरू शकतात.

कायद्यात तर पळवाटच नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यानुसार वेगळी काढलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध केलेली, चरसच ठरते. भांगेच्या पानांची सूट तिला लागू नाही. कमी शिक्षेची ‘अल्प मात्रा’ गांजासाठी एक किलोपर्यंत, चरसासाठी अवघी १०० ग्रॅम.

२०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी (मेफेड्रोन) या रासायनिक अमली पदार्थाचा कारखाना सापडला, तेव्हा सारे नाशिक हादरले. त्या धसक्यामुळेच ‘यात रसायन नाही’ हे ऐकून कॉलेजातली मुले निर्धास्त होतील, ही माझी खरी काळजी. पत्रलेखकाने दिलेला सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या साधूंच्या चिलमीचा दाखलाही इथे गैरलागू आहे. त्यांनी टीएचसीचे प्रमाण सांगायलाच हवे होते.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक