शिष्टाचाराची पोथी आणि माणसांची ओळख

आमच्या परिचयांतील एका सुशिक्षित कुटुंबांतला मुलगा नोकरीनिमित्त जपानला जावयास निघाला. त्याच्या कचेरीनें त्याला दोन दिवस खास शिकवणी दिली आणि शेवटीं एक सुबक छापलेली पुस्तिका हातीं ठेवली. मी निरोप देण्यास गेलों, तेव्हां ती पुस्तिका मोठ्या कौतुकानें माझ्यापुढें ठेवण्यांत आली. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनीं द्यावें; मिळालेलें कार्ड लगेच खिशांत कोंबूं नये; घरांत शिरतांना जोडे काढावेत; भातांत चॉपस्टिक्स उभ्या रोवूं नयेत. "आतां कसली काळजी नाहीं पाहा! त्यांची संस्कृति याला पुरी समजली," असें मुलाचे वडील म्हणाले. मीं विचारलें, "आणि भाषा?" ते हंसले. "अहो, तिचें काय एवढें? तेथें सारें इंग्रजींत चालतें."

त्या हंसण्यासाठींच हा लेख लिहावा लागत आहे. पुस्तिकेंतील नियम खोटे आहेत असें माझें म्हणणें नाहीं. परक्याच्या घरीं जातांना त्याची रीतभात ठाऊक असावी, हें कोणीही मान्य करील. माझी तक्रार वेगळी आहे. नियम पाठ झाले म्हणजे माणसें समजलीं, असा जो सोयीस्कर समज आपल्या शिकलेल्या वर्गांत पसरत आहे, तो खोटा आहे आणि घातकही आहे.

चॉपस्टिक्सचाच नियम घ्या. पुस्तिका निषेध सांगते, कारण सांगत नाहीं. कारण असें कीं, मृतासाठीं ठेवलेल्या भातांत त्या तशा उभ्या रोवतात. म्हणून जेवणाच्या पानावर तें दृश्य अमंगळ वाटतें. एवढें एक वाक्य सांगितलें, तर ज्या आजीबाईनें पिंडाचा भात पाहिला आहे, तिला निराळी शिकवणी नको. तिला जपानी घरांतला तो संकोच क्षणांत कळेल, कारण तो तिच्याही घरांतला आहे. अर्थ कळला कीं परकेपणा ओसरतो. नुसता निषेध कळला कीं तो वाढतो. आणि जोडे काढण्याचा नियम? मराठी मुलाला तो शिकवावा लागतो, यावरूनच ती पुस्तिका मुळांत कोणा पाश्चात्त्य वाचकासाठीं लिहिली गेली असावी, हें उघड आहे. आपण जपानकडे पाहतों तेंही दुसऱ्याच्या खिडकींतून!

या पुस्तिकांच्या मागें शास्त्र आहे, असें कोणी म्हणेल. तें शास्त्रही तपासून पाहूं. गीर्त होफ्स्टेड या डच विद्वानानें आय. बी. एम. या एकाच कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांकडून १९६७ ते १९७३ या काळांत भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नपत्रिकांचा अभ्यास केला आणि १९८० मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक राष्ट्राच्या स्वभावास आंकडे दिले आहेत. वरिष्ठापुढें नमण्याची वृत्ति मोजणाऱ्या मापांत भारताच्या वांट्यास ७७ हा आंकडा आला. कांहीं देशांत उत्तरें देणारे दोनशेंही नव्हते, असा आक्षेप टीकाकारांनीं पुढें घेतला. तो बाजूस ठेवूं. ७७ हा आंकडा कोणाचा? नागालँडच्या शेतकऱ्याचा, मदुरेच्या विणकराचा, कीं सदाशिव पेठेंत घरमालकाशीं तीस वर्षें भांडणाऱ्या भाडेकरूचा? हे आंकडे राष्ट्रांच्या तुलनेसाठीं आहेत, एकेका माणसास लावण्यासाठीं नव्हेत, असें खुद्द होफ्स्टेड यांनींच बजावलें आहे. परंतु शिकवणीच्या वर्गांत ती ताकीद गळून पडते आणि आंकडा तेवढा उरतो.

"पण शिष्टाचार चुकल्यामुळें राष्ट्रांचे संबंध बिघडल्याचे दाखले आहेत ना?" असा प्रश्न येथें येतो, आणि त्याबरोबर हमखास एक गोष्ट सांगितली जाते. १७९३ सालीं मद्रासचा माजी गव्हर्नर लॉर्ड मॅकार्टनी हा इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून चीनचा बादशहा चिएनलुंग याच्या भेटीस गेला. दरबारची रीत तीनदां गुडघे टेकून नऊ वेळां भूमीस मस्तक लावण्याची. मॅकार्टनी आपल्या राजापुढें टेकतो तसा एकच गुडघा टेकण्यास तयार झाला. वकिलात रिकाम्या हातीं परतली. तात्पर्य काय, तर मान वांकविली असती तर चीनचीं दारें उघडलीं असतीं!

हें तात्पर्य टिकत नाहीं. मॅकार्टनीच्या मागण्या पाहा: पेकिंगमध्यें कायमचा वकील, नव्या बंदरांत व्यापार, किनाऱ्याजवळ एक बेट. बादशहाला त्या नको होत्या, आणि त्या नको असण्यास त्याच्याजवळ कारणें होतीं. दोनच वर्षांनीं, १७९५ च्या आरंभीं, आयझॅक टिट्सिंग याची डच वकिलात त्याच दरबारीं आली. डचांनीं सांगितले तितके नमस्कार घातले, पुन्हां पुन्हां घातले. पदरांत सवलत एकही पडली नाहीं. मतभेद जेथें हितसंबंधांचा असतो, तेथें तो रीतभातीचा आहे असें मानणें म्हणजे समोरच्यास मूर्ख समजणें होय.

त्याच १७९३ च्या वकिलातींत शिकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. चिनी जाणणारा दुभाषी इंग्लंडांत मिळेना. अखेर नेपल्स येथील विद्यालयांतून दोन चिनी पाद्री आणावे लागले. त्यांना लॅटिन येई, इंग्रजी येत नसे. त्यामुळें इंग्रजाचा शब्द आधीं लॅटिनमध्यें शिरे आणि मग चिनींत उतरे. या साऱ्या लवाजम्यांत वकिलाच्या चिटणिसाचा बारा वर्षांचा मुलगा होता, जॉर्ज स्टॉन्टन. जहाजावरच्या लांब प्रवासांत तो त्या पाद्र्यांपाशीं बसून चिनी शिकला. दरबारांत तो चार शब्द त्या भाषेंत बोलला, तेव्हां वृद्ध बादशहानें आपल्या कमरेचा बटवा काढून त्याला दिला. पुढें याच मुलानें चीनच्या कायद्याचें पुस्तक इंग्रजींत आणलें. तें १८१० मध्यें प्रसिद्ध झालें.

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हाच स्टॉन्टन १८४० सालीं पार्लमेंटांत चीनविरुद्धच्या अफूच्या युद्धाच्या बाजूनें बोलला. म्हणजे भाषा आली कीं न्यायबुद्धि येतेच, असें नाहीं. मान्य. परंतु फरक हा कीं, त्याच्या माथीं अज्ञानाची सबब उरली नाहीं. आपण काय करीत आहों, हें ज्यांना कळावयास हवें होतें, त्यांत तो होता. भाषा माणसाला सज्जन करीत नाहीं. ती त्याला जबाबदार मात्र करते.

आपल्या घराजवळचा दाखला हवा असल्यास गोव्याकडे पाहा. फादर स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता आणि त्याविषयीं मतभेद असूं शकेल. पण तो येथल्या लोकांच्या बोलीपाशीं वर्षानुवर्षें विद्यार्थी होऊन बसला. म्हणूनच १६१६ मध्यें छापलेलें त्याचें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ आज चारशें वर्षांनींही मराठीच्या इतिहासांत आदरानें घ्यावें लागतें. त्याच गोव्यांत १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. फर्मान विरून गेलें. कोंकणी जिवंत आहे. "सारें इंग्रजींत चालतें" या आपल्या वाक्यांत बळजबरी नाहीं, हें खरें. पण त्यांतली अपेक्षा तीच नाहीं काय, कीं चालून यावयाचें तें समोरच्यानें? आणि ज्या भाषेपाशीं त्यानें चालून यावें असें आपण म्हणतों, ती आपलीही नव्हे!

प्रत्येकानें प्रत्येक भाषा शिकावी, असें कोण म्हणेल? पण जेथें पांच वर्षें राहावयाचें, तेथील दोनशें शब्द शिकणें कोणासही अशक्य नाहीं. पुण्यांत रानडे इन्स्टिट्यूटमध्यें परकीय भाषांचे वर्ग कित्येक दशकें भरत आले आहेत. अडचण सोयीची नाहीं, वृत्तीची आहे. तिची परीक्षा घेण्यास जपानला जावयास नको. आपल्या सोसायटीच्या दारावरचा नेपाळी रखवालदार, समोरच्या इमारतीवर काम करणारा कानडी गवंडी, यांच्या भाषेंतला एक तरी शब्द आपल्या घरांत कोणाला येतो काय? त्यांचा सण कोणता, हें कधीं कोणी विचारलें आहे काय?

त्या मुलाला मीं एवढेंच सांगितलें: पुस्तिका अवश्य ने, पण तिच्या प्रत्येक नियमापुढें "असें कां?" हा प्रश्न लिहून ठेव, आणि त्याचें उत्तर पुस्तकांत न शोधतां तेथल्या कोणा शेजाऱ्याला, त्याच्याच भाषेंत, मोडकेंतोडकें कां होईना, विचार. तो तुझ्या चुकांना हंसेल. हंसूं दे. ओळख तेथूनच सुरू होईल.