नोंद यंत्राची की माणसाची?

यंत्रेही आता व्यापार करू लागली आहेत. हवा वा तापमान मोजणाऱ्या उपकरणाने आपल्या नोंदी डिजिटल चलनात विकाव्यात, असा प्रायोगिक बाजार जर्मनीतील आयोटा प्रतिष्ठानाने २०१७ साली उभारला. आमच्या बालाघाटच्या भातशेतीतील ओलाव्याची नोंद उद्या विकली गेली, तर आमची हरकत नाही. मात्र मोबदला शेतकऱ्याच्या पदरी पडावा. परंतु घरातील दिवा केव्हा मालवला, मूल केव्हा निजले, ही नोंद विक्रीची वस्तू नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद झाली. तेव्हा घरी आलेले उपकरण कोणाला काय सांगते, हे विचारणे आम्हां विद्यार्थ्यांचे कर्तव्यच होय.