धुऱ्यावरचा अजगर अन् आपली घाई



परवा कौंडण्यपूरच्या नदीकाठच्या वावरात कापूस वेचणी चालू होती. बाया एकदम ओरडल्या. जाऊन पाहतो तं धुऱ्यावर सात-आठ फुटी अजगर ऊन खात पडलेला, पोट फुगलेलं. अर्ध्या तासात गाव जमा झालं. कोणी काठी आणली, कोणी मोबाईल. पोरांनी शेपूट ओढून फोटो काढले, अन् त्यानं गिळलेलं रानडुकराचं पिल्लू ओकून टाकलं.

ज्या रानडुकरापायी आपण रात्र-रात्र जागल करतो, झटका मशीनवर पैसा घालतो, त्याचंच पिल्लू होतं ते!

अजगराला विष नाही. तो विळखा घालून सावज मारतो अन् अख्खं गिळतो. ओठावरच्या खाचांमुळे त्याला अंधारातही अंगाची गरमी कळते. मोठं सावज गिळलं की कित्येक आठवडे त्याला खायला लागत नाही. पण भरल्या पोटी छेडलं की पळता यावं म्हणून तो सगळं ओकतो.

एका अजगरानं रानडुकरं संपत नाहीत, हे मलाही समजते. पण उंदीर, घुशी, ससे तो फुकटात कमी करतो. कधी शेळीचं पिल्लूही उचलतो. ज्याचं गेलं त्याचा राग खोटा नाही. म्हणून नदीकाठी पिल्लं रात्री बंद जागेतच ठेवा.

मादी उन्हाळ्यात अंड्यांभोवती दोनेक महिने वेटोळं घालून बसते, अंग थरथरवून त्यांना ऊब देते. त्याच दिवसांत आपण धुरे पेटवतो. काडी लावण्याआधी बिळं, कपारी पाहून घ्या.

अन् एक सांगतो, लहान अजगर अन् परड (घोणस) दिसायला सारखे. परडीच्या अंगावर गोल ठिपक्यांच्या साखळ्या असतात, अन् ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. अजगराचे डाग वेडेवाकडे. तरी ओळखता येते म्हणून हात लावू नका. परड चावली तं जीव जातो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. मारला तं तीन ते सात वर्षं कैद. घरात, गोठ्यात शिरला तं वनविभागाला १९२६ वर फोन लावा. वावरात असला तं लांबूनच पाहा, त्या बाजूची वेचणी दोन दिवस थांबवा. पचलं की तो आपसूक जातो.

आपल्या वावरात तो बिनपगारी जागल्या आहे. त्याला उपाशी हाकलून आपल्याला काय मिळालं? एक फोटो!

तुमच्याकडे दिसला तं काय केलं, खाली लिहा.