मापाचा टायर

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वार्षिकात टायरवर लेख लिहावा, हे आमच्या संपादक मंडळातल्या मित्रांना फारसे रुचलेले नाही. ‘कविता दे, नाही तर एखादी कथा तरी दे,’ असा त्यांचा आग्रह होता. कविता मला येत नाही. कथा म्हणाल तर या लेखात एक आहे, पण ती मी जरा पुढे सांगेन. ती सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागतो.

माझ्या मामांचे साळवी स्टॉपच्या अलीकडे टायरचे दुकान आहे. सुट्टीत आणि कधी कधी तासाला दांडी मारून मी तिथे बसतो (प्राध्यापकांनी हे वाक्य वाचले नाही असे समजावे). गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी टोईंगच्या गाडीवर चढवलेली एक स्पोर्ट्‌स कार दुकानापुढे येऊन उभी राहिली. बुटकी, दोन दारांची, रस्त्याला पोट टेकेल की काय इतकी खाली. मुंबईहून गोव्याला निघालेली ही गाडी हातखंब्याच्या अलीकडे खड्ड्यात आपटली होती आणि मागच्या डाव्या टायरची बाजूची भिंत चांगली चार बोटे फाटली होती. अशा गाड्यांत जादा चाक बहुधा नसतेच. त्याऐवजी फेस भरायची बाटली देतात. ती खिळ्याच्या भोकाला चालते, फाटलेल्या भिंतीपुढे तिचा काही उपयोग नाही.

दहा मिनिटांत दुकानापुढे पन्नास माणसे जमली. बघणाऱ्यांतल्या प्रत्येकाला गाडीची किंमत सांगता येत होती. टायरचे माप मात्र कुणी वाचले नव्हते.

ते होते २४५/४० आर १८ ९७ वाय. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या माझ्यासारख्याला ही ओळ आधी शिलालेखासारखीच वाटायची. मामांनी ती मला वाचायला शिकवली. २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या टक्केवारीत, म्हणजे २४५ चे ४० टक्के, ९८ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १८ म्हणजे रिमचा व्यास, तो पुन्हा इंचात! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन संसार सुखाने नांदतात. पुढचा ९७ हा वजनाचा सांकेतिक आकडा, म्हणजे एका टायरवर ७३० किलो. आणि वाय हे वेगाचे अक्षर, ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. या अक्षरांतही एक गंमत आहे. ती वर्णमालेच्या क्रमाने चालतात, फक्त एच हे अक्षर यू (२००) आणि व्ही (२४०) यांच्या मध्ये २१० चा पाट मांडून बसले आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला असले अपवाद आवडतात.

मामांच्या उमेदवारीच्या काळात हे एवढे नव्हते. फियाटला ५.२०-१४, अँबॅसिडरला ५.९०-१५, विषय संपला. गिऱ्हाईक ‘फियाटचा टायर’ म्हणाले की पुरे. आता एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग प्रकारांना वेगवेगळी मापे असतात, आणि गिऱ्हाइकाला बहुधा आपले माप ठाऊक नसते.

तर त्या गाडीला लागणारा टायर मामांकडे नव्हता. रत्नागिरीत तो दुसऱ्या कुणाकडे असण्याचीही शक्यता नव्हती. एका मोठ्या सेडान गाडीसाठी मागवलेला २४५/४५ आर १८ मात्र कोपऱ्यात उभा होता. गाडीमालकांच्या नजरेने तो बरोबर हेरला.

“हाच की! फक्त चाळीसच्या जागी पंचेचाळीस आहे. पाचाने काय होतंय? लावा. मला उद्या सकाळी लग्नाला पोचायचंय.”

“साहेब, रिमवर बसेल तो. पण तुमची गाडी चारही चाकांनी ओढते. तिला चालायचा नाही.”

गाडीमालकांनी खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले, आणि मामांनी ते पुन्हा त्यांच्याकडे सरकवले. हा प्रकार दोनदा झाला. मी शेजारी बसून मनातल्या मनात मामांनाच दोष देत होतो. दुकानात महिनोन् महिने पडून राहिलेला महागडा टायर जातोय, गिऱ्हाईक खुशीने घेतंय, मग यांचे काय अडले आहे?

मामांनी मला कागद-पेन्सिल घ्यायला सांगितली. १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर. त्यात दोन भिंती मिळवायच्या, एक वरची आणि एक खालची. मूळ टायरची पूर्ण उंची आली ६५३.२. पंचेचाळीसवाल्याची ६७७.७. फरक साडेचोवीस मिलिमीटरचा, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आसपास. धंद्यात तीन टक्क्यांच्या आत राहावे असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि तोसुद्धा चारही टायर एकदम बदलताना. इथे तर एकच बदलायचा होता. मूळ टायर एका किलोमीटरला सुमारे ४८७ फेरे घेतो, हा घेणार ४७०. म्हणजे इथून कोल्हापूरला पोचेपर्यंत एक चाक बाकीच्यांपेक्षा दोन हजारांहून जास्त फेरे कमी घेणार. सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी सतत वळणावर असल्यासारखी चालणार, आणि ती तफावत आतल्या दातेरी चाकांना अखंड सोसावी लागणार. शिवाय ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी जी यंत्रणा असते, ती चाकांच्या फेऱ्यांची तुलना करूनच निर्णय घेते. तिला रोज खोटा आकडा पुरवायचा आणि ऐन पावसात तिच्याकडून खऱ्या निर्णयाची अपेक्षा ठेवायची!

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो त्या गाडीमालकांनीच घेतला. जुन्या तीन टायरांच्या जोडीला एक कोरा टायर आला, तरी उंचीत फरक पडणारच की! मुद्दा बिनतोड होता. मामांनी मोजपट्टी आणली. जुन्या टायरांच्या नक्षीची खोली सहा मिलिमीटर भरली. नवा असतो आठच्या आसपास. म्हणजे व्यासात फरक चार मिलिमीटर. “हा फरक गाडी सोसते,” मामा म्हणाले, “साडेचोवीस नाही सोसत.”

इथे मला थोडे विषयांतर करावेसे वाटते. २००२ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन इथे मायकेल शूमाखर यांच्या हस्ते सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल. पुढच्या वर्षी तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली आणि २०१२ मध्ये तिच्यावरून एक हिंदी चित्रपटही आला. महाराष्ट्रात इतकी चर्चा दुसऱ्या कुठल्या गाडीची झाली असेल असे वाटत नाही. पण या सगळ्या चर्चेत तिच्या चाकांकडे कुणी पाहिले? त्या मॉडेलला पुढे २१५/४५ आणि मागे २७५/४० टायर असतात, दोन्हींचे रिम १८ इंची. इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे, ओढ मागच्या चाकांवर, म्हणून मागचा टायर रुंद. पुढचा मागे नाही चालत, मागचा पुढे नाही चालत. तिथे रुंदी ही ऐट नाही, हिशेब आहे. उलट आपल्या शेजारच्या गोव्यात एके काळी बनणारी सॅन स्टॉर्म घ्या. तीही दोन आसनांची, उघड्या टपाची, पण इंजिन ११४९ सी.सी.चे आणि ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. तिला फेरारीचे टायर घातले असते तर बिचारीचा जीव टायर ओढण्यातच गेला असता.

आणि टायर लावू नका असे सांगायला धैर्य लागते, याचा मोठा दाखला २००५ च्या जूनमधला आहे. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीत एका उतरत्या वळणावर आपले टायर टिकतील याची हमी मिशलिन कंपनीला देता येईना. वीसपैकी चौदा गाड्या सरावाचा फेरा घेऊन माघारी वळल्या आणि उरलेल्या सहांची शर्यत झाली. प्रेक्षक संतापले, कंपनीची नाचक्की झाली. ती शर्यत जिंकली त्याच शूमाखरने. पण त्या चौदा गाड्यांतले चालक त्या संध्याकाळी धडधाकट घरी गेले. मला हा निर्णय त्या विजयापेक्षा मोठा वाटतो.

आता ती कथा.

थिबा पॉइंटवर संध्याकाळी आमच्यापैकी बरेच जण जमतात. सूर्यास्त बघायला येतो असे घरी सांगितलेले असते. प्रत्यक्षात एकमेकांच्या मोटरसायकली बघतो, आणि त्यातही मागचा टायर. जितका जाड टायर तितका मान. माझ्या साध्या मोटरसायकलला मागे १००/९०-१८ होता. मला १२०/८०-१८ हवा होता. मामांनी साफ नकार दिला. रिम अरुंद आहे, रुंद टायर तिच्यावर चिमटला जातो, त्याची गोलाई बिघडते, वळताना गाडी वेगळीच वागते. तुझ्या इंजिनाला त्याची गरज नाही. मी ऐकून घेतले आणि दुसऱ्या एका दुकानातून बसवून आणला. हा टायर साखळीच्या कव्हराला घासत होता, तर त्या दुकानदाराने कव्हर ठोकून वाकवून दिले. मला ते मोठे कौशल्य वाटले. पॉइंटवर तीन-चार दिवस कौतुक झाले.

जुलैत धाकट्या बहिणीला मागे बसवून आरे-वारेच्या रस्त्याने निघालो होतो. पाऊस नुकताच उघडला होता, एका वळणावर डोंगराकडून जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून आली होती. गाडी वळणात कलली आणि मागचे चाक बाजूला गेले. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. बहिणीचे डावे मनगट मोडले.

दोष टायरचाच होता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वेग माझा होता, माती होती, ओल होती. मूळ टायरवरही पडलो असतो, कदाचित. पण मी हे ‘कदाचित’ गेले कितीतरी महिने घोळवतो आहे आणि ते काही केल्या माझ्या बाजूने बोलत नाही. आमच्या घरच्या गणपतीत आरतीला आणि रात्रीच्या भजनाला तबला तीच वाजवते. त्या वर्षी ती प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बसली होती आणि शेजारच्या मुलाचा ठेका चुकला की फक्त माझ्याकडे बघायची. मामा एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी गाडी दुकानात नेली, जुन्या मापाचा टायर बसवला, वाकवलेले कव्हर बदलले आणि बिल माझ्या हातात दिले. भाच्याला सवलत नव्हती.

म्हणून मित्रांनो, माझे मत मी स्पष्ट मांडतो. टायरचे माप हा हौसेचा प्रांत नाही. हौस रंगावर करा, सीटवर करा, हॉर्नवर तर करताच. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थाचा निर्णय दिला आहे. पण पोलिसांच्या भीतीने कुणी सुधारेल यावर माझा विश्वास नाही. मूळ माप मिळतच नसेल तर काय, हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी चालकाच्या दाराच्या खांबावरची चिठ्ठी किंवा गाडीबरोबरचे पुस्तक वाचावे. उत्पादकानेच बऱ्याचदा दोन-तीन पर्यायी मापे दिलेली असतात. एका आसावरचे दोन्ही टायर सारखे ठेवावेत. वजनाचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळच्या खाली जाऊ देऊ नये. आणि भिंतीवरचे चार आकडे जरूर बघावेत. २३१९ असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. स्वस्तात मिळालेला ‘नवा’ टायर पुष्कळदा आपल्या पदवीपेक्षा जुना निघतो.

ज्यांना खरोखरच डोंगरात, चिखलात गाडी घालावी लागते त्यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना मी शिकवणारा कोण? माझे भांडण थिबा पॉइंटवरच्या जाडीशी आहे. म्हणजे माझ्याशीच.

ती स्पोर्ट्‌स कार त्या रात्री दुकानापुढे ताडपत्रीखाली राहिली. गाडीमालक रागारागाने आणखी दोन दुकाने फिरून आले, मग भाड्याच्या गाडीने लग्नाला गेले. मामांनी कोल्हापूरला फोन लावले. बरोबर मापाचा टायर दुसऱ्या दिवशी दुपारी आंबा घाट उतरून आला. तिसऱ्या दिवशी गाडीमालक परतले, पैसे दिले आणि काहीही न बोलता गेले. पंचेचाळीसवाला टायर अजून कोपऱ्यातच आहे.

माझा १२०/८० घराच्या मागे हापूसच्या कलमाभोवती आडवा टाकला आहे. बहीण आता पुन्हा तबल्यावर बसते. डग्ग्यावर घिस्सा काढताना मनगट थोडे अडते, असे ती म्हणते.