फाल्गुनातील चिरा

फाल्गुन लागला की आमच्या कातारी वाचकांकडून एकच फिर्याद येऊ लागते : श्रावणात कातलेली, चकचकीत उतरलेली शिसवी लेखणी आता उभी चिरली आहे, आणि कसूर कधी पटाशीच्या धारेवर, कधी पॉलिशवर, तर कधी बिचाऱ्या वखारवाल्यावर लादली जाते. आमच्या मते या मामल्यात तिघेही निर्दोष आहेत.

लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही. रुंदीत मात्र आटते, आणि वर्षवलयांच्या रोखाने त्याचे आटणे वलयांच्या काटकोनातील आटण्याच्या सुमारे दुप्पट असते. लेखणीच्या आत डिंकाने घट्ट बसविलेली ७ मिलिमीटरची पितळी नळी तसूभरही आटत नाही, आणि टोकाशी तिच्यावरील लाकडाची जाडी मिलिमीटरभरदेखील उरत नाही. तेव्हा पावसाळी हवेत नळीवर चढविलेले हे कवच बंगळूरच्या कोरड्या मार्चात फाटले, तर नवल ते काय? चन्नपट्टणचा खेळणी कातणारा कारागीर हाले, म्हणजे आपला काळा कुडा, महिनोन्‌महिने वाळवून मगच लेथवर चढवितो. शिवाय त्याचे खेळणे बहुधा अखंड लाकडाचे, म्हणून जे काही थोडे आटायचे ते सर्वांगाने आटते. लेखणीला ही मुभा नाही.

यास्तव प्रत्येक तुकड्यावर तारीख व वजन लिहून तो सोनाराच्या तराजूवर आठवड्यास तोलीत जावा. मात्र आषाढात स्थिर झालेले वजन फसवे असते, कारण लाकूड तेव्हा आषाढाच्याच हवेशी समतोल साधून बसलेले असते. दिवा लावलेल्या पेटीत वाळवून वजन पुन्हा स्थिर होईतो त्यास भोक पाडू नये. (काष्ठविज्ञानाची संस्था बंगळूरच्या मल्लेश्वरमात उभी असताना त्याच शहरातील लेथघरांत साधा आर्द्रतामापक नसावा, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.)

भोक एका दमात पाडल्यास भुसा अडकून ड्रिल तापते आणि शिसवासारख्या घट्ट लाकडात आतूनच चीर धरते; दर थोड्या अंतराने ड्रिल बाहेर काढावे, आणि तुकडा थोडा लांब ठेवून ड्रिल पलीकडे निघण्यापूर्वीच थांबवावे व जादा टोक नंतर कापून टाकावे. नळकांडे लंबवर्तुळ उतरत असेल, तर मागचा टेकू फार आवळल्याने नळकांडे ज्यावर चढवून काततात तो मधला दांडा वाकला आहे काय, हे प्रथम पाहावे. पटाशीची धार त्यानंतर.

ज्यांनी वजनाच्या नोंदी ठेविल्या असतील, त्यांनी लाकडाचे नाव व महिना लिहून त्या आमच्याकडे धाडाव्यात. चिरलेल्या लेखण्यांच्याही धाडाव्यात.