विमान ठणठणीत होतं, तरी ते डोंगरावर का आदळलं?

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. बँकॉकहून मुंबईकडे येणारं अलितालिया कंपनीचं डीसी-८ विमान अंधारात खाली येऊ लागलं. मुंबई अजून ८० किलोमीटरहून जास्त लांब होती. वैमानिकांना मात्र आपण बरंच जवळ आलोय असं वाटत होतं. विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. विमानात ९४ जण होते. एकही वाचला नाही.

विमान कोसळलं की पहिला प्रश्न येतो, काय बिघडलं होतं? पण अशा अपघातांत विमान शेवटच्या क्षणापर्यंत वैमानिकाचं ऐकत असतं. चुकलेला असतो तो वैमानिकाचा अंदाज. आपण कुठे आहोत आणि समोर काय आहे, हेच त्याला कळलेलं नसतं. याला विमान वाहतुकीच्या भाषेत 'कंट्रोल्ड फ्लाइट इन्टू टेरेन' म्हणतात.

डॉ. होमी भाभांचा अपघातही असाच

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं बोइंग ७०७ आल्प्समधल्या मों ब्लांवर आदळलं. डॉ. भाभांसह ११७ जणांचा जीव गेला. यामागे घातपात होता, असे मेसेज आजही फिरतात. फ्रेंच तपासातून पुढे आलेलं कारण साधं आहे. विमानातलं एक दिशादर्शक यंत्र बंद होतं. शिखर मागे पडलं, असा वैमानिकाचा समज झाला. कंट्रोलरने जागा दुरुस्त करून सांगितली, पण तिचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि विमान खाली येत राहिलं.

एका अक्षराची चूक

२० डिसेंबर १९९५ ची रात्र. अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ कोलंबियातल्या काली शहराजवळ पोहोचलं होतं. वैमानिकांना 'रोझो' नावाच्या रेडिओ केंद्राकडे जायचं होतं. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये 'आर' टाकलं आणि यादीतलं पहिलं नाव निवडलं. ते होतं बोगोटाजवळचं 'रोमिओ'. विमान मुकाट्याने डोंगरांकडे वळलं. १५९ जण गेले, चौघे वाचले.

या विमानात धोक्याचा इशारा देणारं यंत्र होतं आणि ते वाजलंही. पण हातात उरले होते जेमतेम १२ सेकंद. कारण ते जुनं यंत्र फक्त विमानाच्या थेट खालची जमीन मोजायचं. समोर उभा कडा आला, तर त्याला उशिरा कळायचं.

मग उपाय काय निघाला?

इंजिनिअर डॉन बेटमन यांच्या टीमने यंत्राला जगाचा नकाशाच पाठ करून दिला. जीपीएसवरून विमानाची जागा कळते, नकाशावरून पुढचा डोंगर कळतो. त्यामुळे इशारा साधारण मिनिटभर आधी मिळू शकतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे यंत्र विमानांत बसू लागलं आणि मोठ्या प्रवासी विमानांचे असे अपघात खूप कमी झाले.

पण इशारा ऐकायलाही हवा

२८ जुलै २०१० रोजी एअरब्लूचं विमान इस्लामाबादजवळच्या मार्गल्ला टेकड्यांवर आदळलं. १५२ जण होते, सगळे गेले. नवं यंत्र विमानात होतं आणि ते मिनिटभराहून जास्त वेळ ओरडत होतं. सहवैमानिकही कॅप्टनला वळायला सांगत होता. पण याच कॅप्टनने प्रवासात आधी त्याला टाकून बोलत गप्प केलं होतं. कॅप्टन चुकत असताना विमानाचा ताबा स्वतःकडे घ्यावा, एवढा जोर त्याच्यात उरला नाही.

म्हणूनच वैमानिकांच्या प्रशिक्षणात आता एक धडा पुन्हा पुन्हा गिरवला जातो. कॅप्टन चुकत असेल तर ज्युनिअरने स्पष्ट बोलायचं, आणि कॅप्टनने ते ऐकायचं. डोंगर कुठे आहे हे यंत्र सांगतं. विमान वर खेचायचं काम मात्र कॉकपिटमधल्या माणसांनाच करावं लागतं.